झोपेत सुटलेला खर्रा

पुनारामने सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि तो रिकामाच बाहेर आला. दुसऱ्या खिशात घातला. तिथे टाळाची जुनी दोरी होती, कालच्या प्रसादाचा एक बत्तासा होता, पण सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी नव्हती. दुपारी कीर्तनाला निघताना घोटून घेतलेली अख्खी पुडी! गेली कुठे? गळ्यात मात्र झेंडूचा भलामोठा हार होता. तो कोणी घातला आणि कशासाठी, हेही त्याला उमगत नव्हते. मंडपातून बाहेर पडताना चार पोरी त्याच्या पाया पडल्या होत्या, एका म्हातारीने त्याच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटे मोडली होती. पुनारामला वाटले, कीर्तनच आज तसे रंगले असेल. पोटात नाम गेले की माणसे एकमेकांत देव बघू लागतात, हे त्याने अनेकदा पाहिले होते.

तो तसाच हारासकट वीरेंद्रच्या पानठेल्यावर गेला.

"घोट रे बाबू एक. चुना कमी."

वीरेंद्रने सुपारीचा अडकित्ता खाली ठेवला आणि हात जोडले. "नाई जमत मामाजी."

"काऊन? सुपारी सरली का?"

"सुपारी हाये. तमाखूबी हाये. पन तुमाले देल्लं तं मले पाप लागन."

"मले देल्ल्यानं पाप लागते? तीस वरसापासून देऊन राहिला तुहा बाप, अन् आता तू."

"तवा तुमी सोडला नोयता ना जी."

"का सोडला नोयता?"

वीरेंद्रने पुनारामच्या तोंडाकडे नीट पाहिले. थोर माणसे आपण केलेला त्याग विसरून जातात, असे कीर्तनकार महाराज कालच म्हणाले होते. ते डोळ्यांदेखत खरे झालेले पाहून त्याला भरून आले. त्याने मोबाईल काढला आणि पुनारामच्या हातात दिला.

मोबाईलमध्ये गावचाच, चिचटोलीचा मंडप होता. लीलाधर महाराज मध्ये उभे, त्यांच्या मागे टाळकऱ्यांच्या दोन रांगा, आणि उजवीकडच्या बांबूच्या खांबाला पाठ टेकून, डोळे अर्धे मिटून, टाळ वाजवत उभा असलेला एक इसम. तो इसम पुनाराम होता. महाराज हात उंचावून विचारत होते, "या गावात एक तरी माणूस असा आहे का, जो आज, आत्ता, या पांडुरंगासमोर खर्रा सोडेल?" मंडप चिडीचूप झाला. पुरुषमंडळी वर कापडाच्या झालरी बघू लागली. तेवढ्यात तो खांबाजवळचा इसम दोन पावले पुढे आला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "हव! मी सोडला!" मग त्याने खिशातून पुडी काढून महाराजांच्या पायांशी ठेवली. महाराजांनी आपल्या गळ्यातला हार त्याच्या गळ्यात घातला. बायांच्या बाजूने टाळ्यांचा कडकडाट झाला. इसम परत खांबाला जाऊन टेकला.

पुनारामने ते तीनदा पाहिले. सदरा त्याचाच होता. आवाजही त्याचाच. पण यातले काही म्हणजे काही त्याला आठवत नव्हते. पूर्वरंग संपला, महाराज पाणी प्याले, उपरणे सावरून म्हणाले, "आता आख्यानाकडे वळू," एवढे आठवत होते. त्यानंतर थेट आरतीची घंटा.

आता यातली खरी गोम पुनारामशिवाय कोणाला ठाऊक नव्हती, निदान तो तसे समजत होता. चिचटोलीचे कीर्तन पूर्वी रात्री होई. पण तीन वर्षांपूर्वी नाल्याच्या रेतीत वाघाचे पंजे उमटले, वनखात्याची माणसे येऊन अंधार पडल्यावर घराबाहेर पडू नका म्हणून सांगून गेली, आणि सप्ताहाचे कीर्तन दुपारी दोनला आले. म्हणजे महाप्रसादाच्या पंगतीनंतर लगेच. नव्या तांदळाचा भात, वांग्याची भाजी, वरण, त्यावर बुंदी, आणि धान चुरण्याच्या, म्हणजे मळणीच्या, जागरणाने आंबलेले अंग. पुनारामला कीर्तनाची जिवापाड आवड. पण तीन वर्षांत एकाही आख्यानाचा शेवट त्याने ऐकला नव्हता. भक्तावर संकट येई तेव्हा तो जागा असे, देव धावून येई तेव्हा घोरण्याच्या काठावर. आणि हाच पुनाराम टाळकऱ्यांचा म्होरक्या म्हणून पेंगणाऱ्यांच्या डोक्यात टपली मारत फिरायचा. "देवाच्या दारात झोपता? लाज नाई वाटत?"

तो घरी आला तेव्हा कुंदाबाई सुपात तांदूळ निवडत होती.

"ऐकते का व, मी झोपेत बोलतो का?"

कुंदाबाईचा हात थांबला. लग्नाला बावीस वर्षे झाली होती. एवढ्या वर्षांत ती या प्रश्नाची वाट बघत होती, की या प्रश्नाला भीत होती, हे सांगणे कठीण.

"बोलता ना जी."

"का का बोलतो?"

"हव म्हनता."

"कशाले हव?"

"कशालेबी." कुंदाबाईने सूप बाजूला ठेवले. "जागेपनी इचारलं तं तुमी सगळ्याले नाई म्हनता. झोपेत इचारलं तं सगळ्याले हव. डोळे अर्धे उघडे, आवाज असा का जसे सरपंचच बोलून राहिले. पयल्या वरसी मी भेली होती. दोन्ही खांदे धरून हालवलं तं तुमी कोठीतलं धान मोजाले उठले. मंग सासूबाईनं सांगतलं, हालवाचं नाई, जागं कराचं नाई. जे म्हनते ते ऐकून घ्याचं, अन् हळूच म्हनाचं, 'झालं जी सगळं, झोपा आता.' का तुमी गुमान आडवे."

"अन् तू मले झोपेत का का इचारलीस?"

कुंदाबाई पदराच्या टोकाशी खेळू लागली. "जास्त नाई. आंगनात बोअर मारू का, म्हनून इचारली होती."

"ते मी झोपेत...?"

"हव म्हनले. अन् आपल्या पोरीले, चेतनाले, नर्सिंग शिकाले गोंदियाले पाठवू का, म्हनून."

"चेतनाले मी झोपेत पाठवलो?"

"जागेपनी इचारली होती तवा तुमी तीन दिवस जेवले नाई. अन् माह्या भावासंग अबोला धरला होता तुमी, तो..."

"तोबी झोपेतच सोडलो?"

"त्यात तं तुमी रडलेबी थोडेसे."

पुनाराम ओसरीच्या पायरीवर बसला. घर त्याला एकदम परके वाटू लागले. हे घर जो माणूस चालवत होता त्याची आणि आपली अजून ओळखच झालेली नाही, अशी काहीतरी विचित्र जाणीव त्याला झाली.

"म्हंजे या घरात मी जागेपनी एकबी गोष्ट ठरवलो नाई?"

कुंदाबाईने बराच वेळ प्रामाणिकपणे विचार केला. "ठरवले ना. तो लाल गोऱ्हा आनला नाई का तुमी? नांगराले जुपला का खाली बसून जाते, तो. तो तुमी एकदम जागेपनी आनला."

पुनारामने गोऱ्ह्याचा विषय तिथेच सोडला. थोड्या वेळाने त्याला दुसरे सुचले. "तू तं मंडपातच होतीस. मी झोपलो आहो हे तुले दिसत होतं. मंग मले थांबवली काऊन नाई?"

"थांबवालेच उठली होती. पन तवरिक तुमी हव म्हनले. बाया टाळ्या वाजवाले लागल्या. मंग मीबी वाजवली."

पुनारामला रात्रभर नीट झोप लागली नाही. त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या. एक, गुपचूप खर्रा खायचा, म्हणजे पांडुरंगापुढे दिलेला शब्द मोडायचा. दुसरी, आपण शब्द दिलाच नाही असे गावाला सांगायचे, म्हणजे आपण कीर्तनात उभ्या उभ्या झोपतो, तीन वर्षांपासून झोपतो, हे चारचौघांत कबूल करायचे. पहिल्या वाटेने गेले तर देव बघणार, दुसऱ्या वाटेने गेले तर गाव. आणि दाढ तर आत्तापासूनच मागणी करत होती.

सकाळी अंगण झाडायच्या आतच चुलतभाऊ कैलाश दारात उभा. तोंड उतरलेले.

"दादा, तू हे का करून ठेवलास?"

"मी का केलो?"

"तू सोडलास. अन् घरी जाऊन माही बायको म्हनते, 'पुनाराम भाऊजीसारखा अडेल माणूस सोडू शकते, तं तुमी का लाटसाहेब आहा?' माह्या सगळ्या पुड्या चुलीत टाकल्या. माह्यापुढं! अन् मी एकटा नाई. गावातले अकरा झाले सकाळपर्यंत. तुह्यापायी."

"अकरा?"

"अकरा. तिकडं वीरेंद्रनं ठेल्यावर फुटाने ठेवले आता. लोक फुटाने चावून राहिले अन् एकमेकाच्या तोंडाकडं पाहून राहिले."

पुनारामने बोटांवर मोजले. काल शब्द एकाचा होता, आज बारा जणांचा झाला होता.

त्याने सायकल काढली. डोक्याला दुपट्टा गुंडाळला, वर अर्धे तोंडही झाकले, आणि आठ किलोमीटर पायडल मारत कोहमाऱ्याच्या चौकात गेला. इथे रायपूरचे ट्रक, नागपूरच्या बसगाड्या, ढाब्यांवर परमुलखाची माणसे. चिचटोलीच्या पुनारामला इथे कोण ओळखतो? एका अनोळखी ठेल्यावर जाऊन त्याने दुपट्ट्याआडून हळूच सांगितले, "एक खर्रा."

ठेलेवाल्याने वर पाहिले. मग खाली मोबाईलकडे पाहिले. मग पुन्हा वर.

"अरे बाबाजी! आप तो वही हो ना? कीर्तनवाले! 'हव, मी सोडला!'"

"नाई, मी तो नव्हे."

"आवाज तो वही है! सबेरे से घरवाली ने चार बार दिखाया मेरे को. बोली, देखो, कुछ सीखो." त्याने ठेल्यावरून खाली उडी मारली. "आप मेरी परीक्षा लेने आए हो ना? खर्रा माँग के देख रहे थे, देता है कि नहीं?"

पुनारामला हो म्हणावे की नाही म्हणावे ते कळेना. ठेलेवाल्याने त्याला बाकावर बसवले, शेजारच्या ढाब्यावरून गरम दुधाचा गिलास मागवला, त्याच्यासोबत तीन फोटो काढले, आणि पुनाराम दूध पिऊन, तोंड पुसून, तसाच आठ किलोमीटर परत आला.

खर्रा सुटल्यापासून झोपेने तर कहरच केला. पूर्वी निदान तोंडातल्या सुपारीने मान ताठ राहायची. आता पुनाराम जिथे टेके तिथे झोपे. ओसरीवर झोपे, भाताच्या तणसाच्या ढिगावर झोपे, एकदा तर म्हशीला पाणी पाजताना बादली धरून झोपला. आणि गावात एक बातमी पसरली, कुंदाबाईने शेजारणीला विश्वासाने सांगितल्यामुळे अर्थातच पूर्ण पसरली, की पुनाराम झोपेत कशालाही होकार देतो. कैलाशने ती ऐकली आणि त्याच्या डोक्यात दिवा लागला.

सप्ताहाच्या सहाव्या दिवशी कीर्तन आटोपून घरी आल्यावर पुनाराम ओसरीवर खांबाला टेकला होता. डोळे अर्धे उघडे होते. कैलाश पाय न वाजवता आला, मागे आणखी चार व्रतस्थ. त्यांच्यातल्या एकाने मोबाईल धरला. होकार एकदा मोबाईलमध्ये आला की सगळे मोकळे, असा बेत होता.

"दादा," कैलाश कानाशी कुजबुजला, "खर्रा खाशील का?"

"हव!" पुनाराम खणखणीत म्हणाला.

पाचही जणांचे चेहरे उजळले. कैलाशला तेवढ्यावर थांबायची बुद्धी झाली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण काम पक्के करावे म्हणून त्याने पुढे विचारले, "म्हंजे सोडला ते खोटं ना?"

"हव!"

"म्हंजे तू सोडलास नाई ना?"

"हव!"

"थांब," मोबाईलवाला म्हणाला, "हे आता कोनतं हव झालं? सोडला का नाई सोडला?"

"दादा, सरळ सांग. सोडलास का?"

"हव! मी सोडला!" आणि पुनारामने खिशात हात घालून जे हाताला लागले ते, म्हणजे बत्तासा, काढून कैलाशच्या पायांशी ठेवले.

आतून कुंदाबाई बाहेर आली. तिने पाच जणांकडे एकदा पाहिले. मग नवऱ्याच्या खांद्यापाशी वाकून हळूच म्हणाली, "झालं जी सगळं, झोपा आता." पुनाराम आडवा झाला. "अन् तुमी, भाऊजी," ती कैलाशला म्हणाली, "झोपलेल्या माणसाले लुटाले येता? तुमच्या बायकोले सांगू का?"

पुनाराम उठला तेव्हा त्याला हे सगळे कळले, आणि त्याच्या मनाने ठाव सोडला. आपण नक्की कोण? खर्रा सोडलेला, की खाणारा? कीर्तन ऐकणारा, की कीर्तनात झोपणारा? शेवटी त्याने ठरवले, उद्या सप्ताहाच्या शेवटच्या, काल्याच्या कीर्तनात उभे राहून सगळे कबूल करायचे. गाव हसले तर हसू दे. जो शब्द आपण दिलाच नाही, त्यावर अकरा घरे उभी राहिलेली बघवत नव्हती. आणि पांडुरंगापुढे खोटे उभे राहण्यापेक्षा खरे बसलेले बरे.

काल्याच्या दिवशी त्याने पंगतीत भात अर्धाच घेतला. बुंदीला हात लावला नाही. दाढेखाली, जिथे खर्रा असायचा तिथे, एक हिरवी मिरची धरली आणि खांबापासून चांगला दोन हात दूर उभा राहिला. डोळे लाल झाले, नाक वाहू लागले, पण पापणी मिटली नाही. पूर्वरंग संपला. महाराज पाणी प्याले. "आता आख्यानाकडे वळू." आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच, पुनाराम जागा होता.

आख्यान एका गावच्या पहारेकऱ्याचे होते. दिवसभर राबणारा, रात्री गावाची गस्त घालणारा, पण तोंडात सतत नाम. एका रात्री नाम घेता घेता बिचाऱ्याला वेशीपाशीच झोप लागली. सकाळी उठला तो थरथर कापत. गावावर दरोडा पडला असेल, पाटील चाबूक घेऊन येईल! पण पाटील आला तो हसत. "गड्या, काल रात्री तू अशी आरोळी दिलीस की चोर वेशीवरूनच पळाले." पहारेकऱ्याने काठीकडे पाहिले. काठीला ताजा चिखल होता आणि धुळीत पावले उमटली होती, ती त्याची नव्हती.

सगळ्या मंडपाच्या डोळ्यांना पाणी आले. पुनारामच्याही आले. मिरचीचे किती आणि आख्यानाचे किती, ते त्याला सांगता आले नसते. या तीन वर्षांत आपण काय काय घालवले, एवढे मात्र त्याला कळले.

तो पुढे आला. टाळ छातीशी धरले.

"महाराज, माही एक कबुली आहे. त्या दिवशी खर्रा सोडला म्हनलो ना, तवा मी झोपलो होतो. खरोखरचा. घोरत नोयतो एवढंच. मी तीन वरसापासून कीर्तनात झोपतो. मले जी शिक्षा द्याची ते द्या."

बायांच्या बाजूला कुजबुज उठली. मग पुरुषांच्या बाजूला अकरा माना एकदम ताठ झाल्या. कैलाशच्या तोंडावर तर दिवाळीच आली.

लीलाधर महाराज हसले. "पुनाराम, मला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

"कसं जी? तुमची तं माह्याकडं पाठ असते!"

"कीर्तनकाराच्या पाठीला कान असतात, बाबा. तुम्ही जागे असता तेव्हा तुमचा टाळ मृदंगाच्या पुढे पळतो, मध्येच अडखळतो. आणि झोप लागली की असा संथ, लयीत ठाय चालतो, असा ठाय चालतो, की मी आत म्हणत असतो, देवा, या माणसाला लवकर झोपव!"

मंडप खो खो हसला. मृदंगवाल्याने जोरजोरात मान हलवली. हसू ओसरल्यावर महाराज गंभीर झाले. "हार मी झोपलेल्या पुनारामला घातला होता. त्याचा शब्द तुमच्यावर लादणार नाही. तुम्ही मोकळे आहात. आता जागा पुनाराम काय म्हणतो, तेवढं सांगा."

पुनारामने कैलाशकडे पाहिले. कैलाश डोळ्यांनी अक्षरशः पदर पसरून भीक मागत होता. त्याने बायांच्या बाजूला पाहिले. मग त्याच्या मनात त्या दुसऱ्या पुनारामचा विचार आला, ज्याने अंगणात पाणी आणले, पोरीला शिकायला पाठवले, मेहुण्याला जवळ केले, आणि या सगळ्याचे श्रेय जागणाऱ्याला देऊन गुपचूप झोपून राहिला. धुळीत पावले उमटली होती, ती आपली नव्हती.

"हव," पुनाराम म्हणाला. "मी सोडला."

अकरा माना खाली गेल्या. बाया टाळ्या वाजवणार, एवढ्यात कुंदाबाई ताडकन उठली.

"थांबा महाराज! त्याइचं बोलनं धरू नोका! हे आताबी झोपलेच हायेत!"

"काय म्हणता, माउली?"

"बावीस वरसं झाले जी मले. जागेपनी हा माणूस कोनाले हव म्हनलाच नाई!"

"वयनी बरोबर सांगून राहिली!" कैलाश उभा राहिला. "डोळे पाहा कसे लाल हायेत! झोपलाच हाये! शपथ रद्द!" बाकीचे दहा जण त्याला दुजोरा देऊ लागले.

कुंदाबाई तोवर बायांच्या रांगा ओलांडून नवऱ्याजवळ आली होती. त्याच्या खांद्यापाशी वाकून, नेहमीच्या मायेने, ती हळूच म्हणाली, "झालं जी सगळं, झोपा आता."

"अवो, जागा आहो मी!"

"झोपेतबी असंच म्हनता तुमी."

पुनारामने स्वतःकडे पाहिले. हात त्याचेच होते. दाढेखाली मिरची होती. तरीही त्याला खात्री वाटेना. जागा माणूस आपण जागे आहोत हे सिद्ध कसे करतो, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. त्याने असहायपणे महाराजांकडे पाहिले.

महाराजांनी चिपळ्या उचलल्या. "वाद नको. नामाचा गजर होऊ द्या."

मृदंग घुमला. पुनारामने टाळ उचलले. पहिला ठोका बरोबर पडला. दुसरा मृदंगाच्या पुढे धावला. तिसरा कुठल्यातरी फटीत अडकला, आणि चौथा त्याला सोडवायला गेला तो दोघेही चुकले. अख्खी रांग डळमळली.

कुंदाबाई मान तिरपी करून ऐकत होती. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि कैलाशकडे वळून म्हणाली, "नाई भाऊजी. जागेच हायेत."